वाचून दाखवले, बरोबर आहे

पूर्णविराम पडला आणि तिची बोटं थांबली. तिची बोटं अशी थांबत नसत. पंखा थांबे, वीज जाई, एखादा साक्षीदार रडायला लागला की सगळं न्यायालय थांबे, वकील छताकडे बघत, न्यायाधीश मॅडम चष्म्याची काच पुसायला घेत. पण तिची बोटं त्या रडण्याच्या अलीकडचं राहिलेलं वाक्य पुरं करून, गाठ मारून, दोरा तोडून मगच विसावत. आज मात्र ती कीबोर्डवर तशीच अधांतरी राहिली, दाण्यावर उतरता उतरता पाखरांना सावली दिसावी तशी. पडद्याच्या उजव्या भागात नुकतंच उमटलेलं वाक्य होतं : ‘मी रात्री उशिरा घरी येते, हे खरे आहे.’ डाव्या भागात सकाळी घेतलेली, याच खटल्यातल्या नवऱ्याची साक्ष अजून उघडीच होती, आणि योगायोगाने दोन्ही वाक्यं एकाच ओळीत आली होती, जुळ्या मुलांना शेजारी शेजारी उभं करावं तशी. डावीकडे होतं : ‘कामाच्या स्वरूपामुळे मला घरी यायला उशीर होतो.’ ती दोन्ही वाक्यांकडे बघत राहिली. नवरा सकाळी कठड्यात उभा राहून फक्त ‘हो’ म्हणाला होता. एवढंच. बाकीचं कुणी म्हटलं होतं?

कोर्टाची रीत अशी की वकील विचारतो, साक्षीदार सांगतो, पण कागदावर प्रश्न उरत नाही. प्रश्न आणि उत्तर विरघळून त्यांचं एक वाक्य होतं आणि ते साक्षीदाराच्या तोंडी ‘मी’ म्हणून बसतं. वाक्य खरं तर मॅडमनी सांगायचं आणि तिने उतरवायचं. सुरुवातीला मॅडम सांगतही असत, शब्दागणिक. मग अर्धं सांगू लागल्या. मग नुसतं ‘घ्या’ म्हणू लागल्या, आणि आता तर कित्येक वर्षं ‘घ्या’सुद्धा नव्हतं. मॅडम हनुवटी जराशी उचलत, आणि वाक्य होई. बार रूममध्ये वकील कौतुकाने म्हणत, ‘त्या दोघींचं एकच डोकं आहे हो, फक्त खुर्च्या दोन.’ तिलाही त्याचा अभिमान होता. माणूस बोलायच्या आधी त्याचं बोलणं ओळखणं ही काही साधी गोष्ट नव्हे. सुगरणीला जसं मीठ चाखावं लागत नाही, तसं तिला वाक्य ऐकावं लागत नसे. आज नवऱ्याने ‘हो’ म्हटलं, हनुवटी उचलली गेली, आणि बोटांनी चाखल्याशिवाय मीठ घातलं. आणि बायकोच्या वेळेला?

बायको अजून कठड्यातच उभी होती. लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. कारकुनाने सकाळीच तिचं नाव ‘लिफ्टवाली’ पाडलं होतं, आणि कारकुनाने पाडलेलं नाव त्या खोलीत नाव पुकारण्याआधी पोचत असे. अंगाने सडपातळ, केस घट्ट बांधलेले, नखांच्या कडेला न निघणारी वंगणाची काळी रेघ. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून ती उभी होती, अरुंद जागेत उभं राहायची सवय असलेल्या माणसासारखी. नवऱ्याच्या वकिलाने तिला विचारलं होतं, “तुम्ही रात्री उशिरा घरी येता. हो की नाही?” या वकिलांना सगळे पाठीमागे ‘होकीनाही’ म्हणत. लिफ्टवाली म्हणाली होती, “कुठे लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर निघावं लागतं. आत कोंडलेल्या माणसाला मी सकाळी येते असं कसं...” “बाई, गोष्ट नको. हो की नाही?” आणि मग ती जरा थांबून, मान खाली न घालता, “हो,” म्हणाली होती. हनुवटी उचलली गेली होती. वाक्य झालं होतं. जो काही बोललाच नव्हता त्याला कारण मिळालं होतं, आणि जिने कारण सांगितलं होतं तिचं कारण गळून पडलं होतं, आणि हे करायला टायपिस्टला कुणी सांगितलं नव्हतं, मॅडमनी नाही, होकीनाहींनीही नाही. बोटांनी आपणहून केलं होतं. ही बोटं तिचीच होती. आजवर तिला वाटत आलं होतं की आपण इथे नुसत्या नळासारख्या आहोत. पाणी कुणाचं, तहान कुणाची, आपला काय संबंध.

“ताई?” मॅडमनी वर बघितलं. हनुवटी पुन्हा एकदा उचलली गेलेली होती, पुढचं उत्तर होऊन गेलं होतं, आणि खोलीत कळांची टकटक नव्हती. त्या शांततेत पंख्याचा आवाज नव्याने ऐकू आला. “हो मॅडम,” ती म्हणाली आणि बोटं खाली उतरली. पुढचं वाक्य झालं : ‘त्या वेळी मी मुलीला शेजाऱ्यांकडे सोडते.’ लिफ्टवाली म्हणाली होती की मुलगी शेजारच्या मावशींकडे असते, त्यांच्या नातवाबरोबर जेवते, गृहपाठ करते, आणि मी आल्यावर, मी विचारायच्या आधी तीच मला सांगते की आज किती पाढे झाले. त्यातले पाढे गेले, नातू गेला, मावशी गेल्या. राहिलं ते ‘सोडते’. सगळा खटला त्या मुलीसाठीच होता. दुसरीतली मुलगी, समोरचे दोन दात पडलेली. ती आज कोर्टात नव्हती, पण सगळे प्रश्न तिच्याच भोवती घिरट्या घालत होते. ती कुणाकडे राहणार, एवढंच ठरायचं होतं. आणि ते ठरवायला बापाची ऐपत विचारतात, आईचं चालचलन. कायद्याच्या पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही. पुस्तकात मुलाचं हित लिहिलेलं आहे, ठसठशीत अक्षरांत. पण हिताचं वाक्य पुस्तकातून निघून या टेबलापर्यंत पोचेतो रस्त्यात कुणीतरी त्याच्या खिशातून थोडं थोडं काढून घेत असणार, आणि त्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर तीच बसलेली होती.

मधल्या सुट्टीला सगळे उठले. साक्ष संपली होती. सुट्टीनंतर छापून साक्षीदाराची सही घ्यायची, की झालं. तिने डबा उघडला नाही. शिपायाने आणून ठेवलेला चहा निवत राहिला, त्यावर साय धरली. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये लिफ्टवाली एका मोटारसायकलला टेकून उभी होती, कानाला फोन, चेहरा एकदम सैल आणि हसरा. पलीकडे पडलेले दोन दातच असणार. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ कळत होते. जेवलीस का. आणि हे ‘जेवलीस का’ बघताना तिला आपलं घर आठवलं, कारण परवाच, नाही, रोजच, तिच्या स्वतःच्या दारात हेच होत होतं. तिचा मुलगा आणि मुलगी दोघं कमावते झालेले, दोघं एकाच वेळी, एकाच बसने, एकाच पायरीवर ठेचकाळत घरी येत. मुलाने चपला काढल्या की ती म्हणे, जेवणार ना रे? मुलीने चपला काढल्या की ती म्हणे, कुठे होतीस? दोघांना एकाच मायेने विचारलेलं. मुलगी एकदा हसत म्हणाली होती, “आई, आम्ही दोघं एकाच बसने आलो गं. तो भुकेला आला आणि मी हरवलेली आले का?” त्यावर सगळे हसले होते. तीही हसली होती. हसण्याने किती गोष्टी झाकता येतात, ताटावर ताट झाकावं तशा.

आणि तिचा स्वतःचा नवरा. नवरा साधा माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्याचा फोन येई, ‘उशीर होईल,’ आणि बंद. दोनच शब्द, आणि ते पुरत. तिला उशीर झाला की मात्र रस्त्यापासूनच तिच्या आत टंकलेखन सुरू होई : मॅडमनी निकाल सांगायला घेतला, मग प्रिंटर अडला, मग कारकून किल्ली घेऊन गेला होता, मग बस. तो तर विचारतही नसे. दार उघडी, बाजूला होई, पुन्हा बातम्या बघायला बसे. पण दार उघडून बंद होईपर्यंतच्या त्या एवढ्याशा फटीत ती सगळं कारण ओतून मोकळी होई, घामाघूम. सासूबाई होत्या तेव्हा त्या आतून म्हणत, ‘आली का?’ मुलासाठी हेच शब्द असत, ‘आला का?’ एकाला मात्र त्यात ताट होतं आणि दुसरीला घड्याळ. वाईट नव्हत्या त्या. त्यांच्याही सासूने त्यांना तसंच विचारलं असणार. कुणीच वाईट नसतं, हीच तर अडचण आहे. वाईट माणूस असता तर त्याला बोट दाखवता आलं असतं. इथे बोटं सगळ्यांचीच, आणि सगळ्यांत वेगाने चालणारी तिची.

तिची आई शिवणयंत्रावर बसे तेव्हा गुणगुणायची. लोकांचे कपडे शिवून तिने घर चालवलं. वडील फिरतीवर, आले तर पाहुण्यासारखे, गेले तर पाहुण्यासारखे. आईची पावलं यंत्राच्या पायट्यावर आणि तोंडात दोन दोन ओळी, तिने स्वतःच जुळवलेल्या, शिवणीच्या ठेक्यात बसणाऱ्या. कुणी म्हटलं, वहिनी, छान जुळवता हो, तर आई म्हणे, छे, मी कुठली, हे यंत्र म्हणतं. एकदा मालाची निकड होती म्हणून आई एका कपड्यांच्या दुकानाच्या कारखान्यात जाऊन बसली, दिवेलागण टळून गेल्यावर परतली, आणि गल्लीतली प्रत्येक खिडकी जरा जरा उघडी होती. वडील त्याच आठवड्यात पहाटे उगवले तेव्हा सगळ्या खिडक्या झोपलेल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं, आणि चाकाच्या घरघरीतून ओळी आल्या :

उंबरठा एक बाई, पावलं दोघांची सारखी
त्याच्या पावलाला वाट, माझ्या पावलाला पारखी

तेव्हा ती लहान होती, तिला फक्त चाल आवडली होती. ती गुणगुणत शाळेत गेली होती, शिक्षिकेने विचारलं, कुणाचं गं हे? ती म्हणाली, यंत्राचं. आता कोर्टाच्या खिडकीत उभी असताना त्या दोन ओळी कुठल्याशा घडीतून निघाव्या तशा निघाल्या, इस्त्री न मोडलेल्या. माझ्या पावलाला पारखी. पारखी कोण, हे आईने सांगितलं नव्हतं. पारखी खिडक्यांत होते असं ती धरून चालली होती. पारखी यंत्रावरही बसलेला असतो, हे तिला आज दिसत होतं. आईच्या यंत्रातून ओळी निघाल्या होत्या, लेकीच्या यंत्रातून पारख.

ती परत टेबलाशी आली. खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर दोन्ही साक्षी तशाच उभ्या. काय अवघड होतं? दोन शब्द. ती बसली आणि तिने उजव्या बाजूला, ‘मी’च्या पुढे, टाइप केलं : कामाच्या स्वरूपामुळे. वाक्य लगेच सभ्य दिसू लागलं, भांग पाडल्यासारखं. कुणालाही कळलं नसतं. मॅडम वाचत नसत, वकील सही झाल्यावर वाचत, साक्षीदार तर कधीच नाही. लिफ्टवालीने सही केली असती, मुलीकडे गेली असती. तिने ते वाक्य बराच वेळ बघितलं आणि तिला कसंसंच झालं, कारण हेही लिफ्टवाली बोललेली नव्हती. ती बोलली होती कोंडलेल्या माणसाबद्दल. तिच्या वाक्यात एक माणूस होता, अंधार होता, आणि ‘मी सकाळी येते असं कसं’ होतं. आपण पुन्हा तिच्या तोंडात आपला घास घालतोय. आधी कडू घातला, आता गोड. नवऱ्याला उसनं दिलं ते हिलाही द्यायचं, हा न्याय नव्हे, ही वाटणी. तिने एकेक अक्षर मागे घेतलं. शब्द उलटे चालत नाहीसे झाले. आणि ते नाहीसे होत असतानाच तिला काय करायचं ते कळलं, इतकं सरळ, की आजवर ते सुचलं कसं नाही याचंच नवल वाटावं. प्रत्येक साक्षीच्या तळाशी एक ओळ असते, ती आधीच छापलेली असते, कुणी टाइपही करत नाही : ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ इतक्या वर्षांत त्या ओळीवरून तिची नजर रोज गेली होती. वाचून मात्र कुणीच कुणाला दाखवलं नव्हतं.

कारकून सुपारी चघळल्यासारखे ओठ हलवत आत आला; सुपारी नव्हती, त्याची ती सवय होती. निवृत्तीला टेकलेला माणूस, तिच्यावर जीव असलेला. ती म्हणाली, “दादा, आज साक्ष वाचून दाखवायची.”

“कुणाला?”

“जिची आहे तिला.”

“ताई, बरं आहे ना? सही घ्यायची असते, वाचायची नसते. एक वाचली की उद्या सगळे म्हणतील आमचीही वाचा. कोर्ट आहे की वाचनालय?”

“खाली लिहिलंय ना, वाचून दाखवले म्हणून.”

“दुकानावर ‘ग्राहक देव आहे’ असंही लिहिलेलं असतं.” तो हसला, मग तिचा चेहरा बघून हसू आवरलं. खुर्ची ओढून जवळ आला, आवाज खाली. “हे बघा, मॅडमना आवडणार नाही. त्यांनी इतका विश्वास टाकलाय तुमच्यावर. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ताई.”

“वैर कुठे करतेय? मासा म्हणून मीच आहे त्या पाण्यात.” तिला स्वतःच्या आवाजाचं आश्चर्य वाटलं, तो स्थिर होता. विश्वास हा शब्द मात्र टोचला. मॅडमनी हनुवटी उचलावी आणि आपण वाक्य करावं, हा विश्वास कुणी कुणावर टाकलेला होता? ज्यांची वाक्यं होती त्यांना तर त्यात कुणी विचारलंच नव्हतं.

सुट्टी संपली. मॅडम आल्या, सगळे उठले, बसले. कागद छापून तयार होते, शिपाई ते लिफ्टवालीपुढे नेऊन ठेवणार तेवढ्यात ती उठली. टायपिस्ट उठत नाही. उठली तर काहीतरी बिघडलेलं असतं. मॅडमनी प्रिंटरकडे बघितलं.

“मॅडम, साक्ष वाचून दाखवायची आहे.”

“तळाशी तसं लिहिलेलं आहे ना?”

“लिहिलेलं आहे. वाचलेलं नाही.”

होकीनाही खोकले. पलीकडच्या बाकावर लिफ्टवालीची वकील होती, नवखी पोरगी, फायलींच्या ढिगाआडून तिने मान वर काढली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला; काच स्वच्छच होती. मग म्हणाल्या, “वाचा.” त्यात राग होता की थकवा होता की आणखी काही, हे ओळखायचं तिने मुद्दाम टाळलं. ओळखायची सवयच आज मोडायची होती.

ती वाचू लागली. या खोलीत तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. ‘हो मॅडम’च्या पलीकडे तो कधी गेलाच नव्हता. पहिल्या ओळीत तो कापला, दुसरीत सापडला, तिसरीपासून आईच्या पायट्यासारखा एका लयीत चालू लागला, घाईही नाही आणि ओढही नाही. ‘मी’ म्हणताना तिला विचित्र वाटत होतं. इतकी वर्षं लोकांचं ‘मी’ बोटांतून गेलं, तोंडातून पहिल्यांदाच जात होतं, आणि तोंडातून जाताना त्याला चव होती. ‘मी लिफ्ट दुरुस्तीचे काम करते. माझे लग्न रीतसर झालेले आहे. मी रात्री उशिरा घरी येते, हे खरे आहे.’ ती थांबली नाही, पण मुद्दाम श्वास घेतला, ओव्या म्हणणारी बाई दुसरी ओळ दुसरीला सोडते तसा.

“थांबा,” लिफ्टवाली म्हणाली. “हे माझं आहे?”

“तुमच्या साक्षीत आहे.”

“पण मी एवढंच नव्हतं म्हटलं. हे म्हणजे... लिफ्टचं दार उघडून दाखवायचं आणि खाली खड्डा आहे ते सांगायचं नाही.”

“मॅडम,” होकीनाही उभे राहिले, “उत्तर ‘हो’ होतं. सगळ्यांनी ऐकलंय. आता सुट्टीत शिकवून-पढवून आणलेलं...”

“मला कुणी शिकवायला नको,” लिफ्टवाली म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती कठड्याच्या कडेला हाताने चाचपत होती, जणू तिथला एखादा सैल स्क्रू शोधत असावी. “तुम्ही मला बोलू दिलं नाही, म्हणून मी ‘हो’ म्हटलं. आत माणूस कोंडला असेल तर मी जाते. एकदा एक म्हातारे गृहस्थ होते, ते मला दारातून सारखं विचारत होते, पोरी, आहेस ना? मी आहे म्हणत राहिले, दार उघडेपर्यंत. मुलगी मावशींकडे असते. सोडलेली नसते, असते. मी आल्यावर तिला उचलून आणते, झोपेत ती जड होते. हे सगळं घ्या, नाहीतर ते ‘हो’ पण काढा.”

मॅडमची हनुवटी हलली नाही. त्या तिच्याकडे, टायपिस्टकडे, बघत होत्या. बघणं लांबत गेलं, आणि त्यात तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवलं की मॅडमही उशिरा घरी जाणारी बाई आहे, गाडीत बसून फाइल मिटताना त्यांच्या आतही काहीतरी टंकलं जात असेल. पण हेही तिने त्यांच्या तोंडी घातलं नाही. मॅडम म्हणाल्या, “साक्षीदार म्हणतात तसं, त्यांच्या शब्दांत घ्या.” आणि ती बसली, आणि तिने घेतलं, म्हातारे गृहस्थ घेतले, पोरी आहेस ना घेतलं, झोपेत जड होणारी मुलगी घेतली. बोटं हळू चालत होती, नवख्यासारखी. प्रत्येक शब्दाआधी थांबत होती, तो येतोय का ते बघत होती. आला की मगच.

एवढ्यावर बसून राहता आलं असतं. लिफ्टवालीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता, कारकून तिला डोळ्यांनी ‘झालं, आता पुरे’ म्हणत होता. ती पुन्हा उठली. “मॅडम, सकाळच्या साक्षीतही चूक आहे. माझी. साक्षीदाराने फक्त ‘हो’ म्हटलं होतं. ‘कामाच्या स्वरूपामुळे’ हे मी घातलं.” हे वाक्य तिने आत जुळवलं नव्हतं, म्हणूनच की काय, ते सोपं गेलं. कारकुनाने कपाळाला हात लावला. होकीनाही एकदम म्हणाले, “पण ते बरोबरच आहे! काम असतंच माणसाला!” आणि बाकावरची नवखी वकील पोरगी, तिला बहुधा स्वतःलाच नवल वाटलं असेल, म्हणाली, “मग त्यांनाच म्हणू दे की.”

नवऱ्याला परत बोलावलं. नीटनेटका माणूस, इस्त्रीचा सदरा, यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरायची नोकरी. कुणालाही भला वाटावा, आणि कदाचित असेलही. त्याने हसून मॅडमना मान लवून नमस्कार केला. नवख्या पोरीने विचारलं, “तुम्हाला घरी यायला उशीर होतो?”

“हो.”

आणि तो थांबला. सगळेच थांबले. तिच्या बोटांना ओढ लागली, खरीखुरी ओढ, पाटावरून पाणी उताराला धावावं तशी. ‘क’ची कळ तिच्या बोटाखाली होती, इतक्या वर्षांत गुळगुळीत झालेली, अक्षर पुसलेली. तिने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले, एकावर एक. टकटक आली नाही. नवरा टायपिस्टकडे बघू लागला, मग आपल्या वकिलाकडे, मग परत तिच्याकडे, जसं रोजच्या वेळी रोजचं ताट समोर आलं नाही म्हणून माणूस स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो.

“लिहा ना, ताई,” होकीनाही म्हणाले.

“काय लिहू? साहेब अजून काही बोलले नाहीत.”

कुणीतरी मागच्या बाकावर फिसकन हसलं आणि गप्प झालं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. नवऱ्याने घसा खाकरला. “म्हणजे... काम असतं.”

“रोज?” नवखी पोरगी. या खोलीत या जागी दुसरा प्रश्न कधी आलेलाच नव्हता. येणार कसा, पहिल्याच उत्तराला पूर्णविराम मिळून जात असे.

तो कठड्याच्या लाकडाकडे बघत राहिला. एकदा बायकोकडे बघितलं. तिने नजर वळवली नाही, पण तिच्या नजरेत विजयही नव्हता, दार उघडेपर्यंत ती थांबू शकत होती, एवढंच. “रोज नाही,” तो म्हणाला. “काही वेळा मित्र असतात. काही वेळा... नुसताच बसतो कुठेतरी. घरी जावंसं वाटत नाही.” आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, जरा वेळाने, “मला कुणी कधी विचारलंच नाही.”

तिने वाट बघितली. त्याचं बोलणं संपलंय याची खात्री झाली तेव्हा तिने हात वर घेतले आणि त्याचे शब्द, जसे होते तसे, एकेक करून उतरवले. त्यात तिने काही घातलं नाही, काही काढलं नाही. मग कागद छापला, उठली, आणि त्याच्यापुढे उभी राहून पहिल्या ओळीपासून त्याला मोठ्याने वाचून दाखवू लागली.